रंगभूमीची हवेतील जागा



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही थोडे गोंधळूनच गेलो. ह्या व्यासपीठावर विद्वान माणसे येतात ती बोलण्यासाठी. आम्ही गेली तीस-बत्तीस वर्षे अशा व्यासपीठांच्या कडेला, बहुधा अंधारात, बसून दुसऱ्यांचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचे काम करीत आलो. आमचा धंदा ध्वनिव्यवस्थेचा. लोक आम्हांला सरळ ‘माइकवाले’ म्हणतात, आणि त्यात आम्हांला काही कमीपणा वाटत नाही. व्याख्यान रंगले तर टाळ्या वक्त्याला मिळतात, आणि माइक किंचाळला तर साऱ्या माना आमच्याकडे वळतात, हा ह्या धंद्याचा रिवाजच आहे.

आज दुपारी आम्ही इथे आलो तेव्हा चालकांनी मोठ्या आस्थेने आमच्यासाठी बिनतारी माइक काढून ठेवला होता. आम्ही तो परत केला आणि हा तारेचा मागून घेतला. त्यांना नवल वाटले. बिनतारी माइकावर बोलायला बोलावलेला माणूस तारेचा माइक मागतो, हे काय? कारण साधे आहे. आम्हांला ह्या एका जागी उभे राहून बोलायचे आहे. नाचायचे नाही, तलवार फिरवायची नाही. ज्याचे काम तारेने भागते त्याने हवेतली जागा अडवू नये, अशी आमची शिस्त आहे. हवेतही जागा असते, ती मोजकी असते, तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात आणि त्या भाऊगर्दीत नाटकवाला, गाणारा, कीर्तनकार ह्यांना विचारणारे कोणी नसते, हे आज सांगायचे आहे.

आधी एक फजिती सांगतो. कोणत्या गावची आणि कोणत्या नाट्यगृहाची ते विचारू नका. एका गंभीर नाटकाचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात म्हातारा बाप मुलाला घराबाहेर काढतो, पाठ फिरवतो आणि काही क्षण निःशब्द उभा राहतो. प्रेक्षागृह अगदी स्तब्ध. आणि त्या स्तब्धतेत आमच्या कर्ण्यांतून खणखणीत आवाजात मंगलाष्टके सुरू झाली! शेजारच्या कार्यालयात लग्न होते. तिथल्या भटजींच्या उपरण्याला लावलेला माइक आणि आमच्या नटाच्या छातीवरचा माइक एकाच लहरीवर चालत होते. प्रेक्षक हसून हसून लोळले. नटाने आमच्याकडे जे पाहिले ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

असे झाले कसे? दोन अंक तर बिनबोभाट पार पडले होते. गंमत अशी की बिनतारी माइकाच्या ह्या पद्धतीत दोन आवाज एकाच लहरीवर आले, तर ते एकमेकांत मिसळून गोंधळ होत नाही. जो बलवान असतो तो दुसऱ्याला पार गिळून टाकतो. आमचा नट रंगमंचावर, म्हणजे आमच्या ग्राहक यंत्राच्या जवळ. म्हणून दोन अंक त्याचाच विजय होत राहिला. तिसऱ्या अंकात त्याने पाठ फिरवली. माणसाचे शरीर बव्हंशी पाण्याचे असते आणि ह्या लहरी पाण्यात चांगल्याच मुरतात. नटाचा स्वतःचा देह आडवा आला, त्याची लहर क्षीण झाली आणि भिंतीपलीकडचे भटजी जिंकले. दोष आमचा होता. प्रयोगाआधी शेजारी काय चालले आहे ते आम्ही ऐकून घ्यायला हवे होते.

आता ही लहर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. विजेची आंदोलने एका सेकंदात जितक्या वेळा होतात, ती तिची वारंवारता. हाइनरिख हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने 1887-88 साली अशा लहरी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवल्या, म्हणून त्यांच्या मापाला त्याचे नाव मिळाले. सेकंदाला दहा लक्ष आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. नाटकातले बहुतेक चांगले बिनतारी माइक 470 ते 700 मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. हाच पट्टा का? 600 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी बरोबर अर्धा मीटर भरते. तिला हवेत सोडणारी तार लहरीच्या चौथाई लांबीची असली की काम भागते, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर, बोटभर लांबीच्या दुप्पट म्हणा. नटाच्या कमरेला बांधलेल्या पेटीतून शेपटीसारखी एक तार लोंबते ती हीच. खालच्या लहरी घेतल्या तर शेपटी गुडघ्यापर्यंत जाते. फार वरच्या घेतल्या तर शेपटी आखूड होते खरी, पण अंग, पडदे, लाकूडकाम त्या लहरींना अडवू लागते. म्हणून हा मधला पट्टा सोन्याच्या मोलाचा. दुर्दैव असे की तो फक्त आम्हांलाच सोन्याचा वाटत नाही.

हा पट्टा मुळात दूरचित्रवाणीचा. एका केंद्राने एक वाहिनी घेतली, तर आसपासच्या केंद्रांना तीच वाहिनी देता येत नाही, नाहीतर सीमेवरच्या घरांत दोन्ही चित्रे बिघडतात. म्हणून प्रत्येक मुलुखात काही वाहिन्या मुद्दाम रिकाम्या ठेवाव्या लागत. त्या रिकाम्या जागेत, केंद्राला उपद्रव न देता, दहा ते पन्नास मिलिवॉट एवढ्या चिमुकल्या शक्तीचे माइक चालवायला युरोप-अमेरिकेत मुभा मिळाली. कायद्याच्या भाषेत हा ‘दुय्यम वापर’. मालकाला त्रास झाला तर निघून जायचे, आणि मालकाचा त्रास आपल्याला झाला तर तक्रार करायची नाही. आपल्याकडे वाड्यातल्या भाडेकरूने जिन्याखालची खोली आणखी कोणाला द्यावी, तशी ही गत. जिन्याखाली संसार चांगला चालतो, पण वाडा विकला जातो तेव्हा त्या खोलीतल्या माणसाला कोणी विचारत नाही.

त्या खोलीतल्या संसाराची अडचण काय असते ती आता ऐका, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की चिमुकले माइक, त्यांना जागा ती किती लागणार! ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीची एक वाहिनी 8 मेगाहर्ट्झ रुंद असते. एक माइक जेमतेम 0.2 मेगाहर्ट्झ जागा घेतो. मग आठाला दोन दशांशाने भागा, चाळीस माइक बसले! आम्हीही उमेदवारीच्या काळात असाच भागाकार केला होता. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीचे माइक त्या एका वाहिनीत आठ, दहा, फार तर बारा बसतात. बाकीची जागा कुठे जाते?

ती भुतांना जाते. रामायणावरच्या एका नाट्याचे उदाहरण घेतो. तीन माइक होते: रामाचा 500.0 वर, भरताचा 500.4 वर आणि शत्रुघ्नाचा 500.8 वर. शेतकरी रोपे लावतो तशी सारख्या अंतराने आम्ही ही लागवड केली होती आणि मनात आपल्यावरच खूश होतो. तालमीत राम आणि भरत चार हात दूर उभे राहून संवाद म्हणत, सारे ठीक चाले. प्रयोगात भरतभेटीचा प्रसंग आला, दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली, आणि त्याच क्षणी कोपऱ्यात उभ्या असलेल्या शत्रुघ्नाच्या माइकातून फस्स फस्स आवाज आणि रामाच्या हुंदक्यांचे चिरके तुकडे येऊ लागले.

दोन पेट्या एकमेकींना चिकटल्या की एकीची लहर दुसरीच्या यंत्रात शिरते, आणि दोघींच्या घुसळणीतून नव्या लहरी जन्मतात. त्यांतली सर्वांत त्रासदायक जात अशी: एका वारंवारतेची दुप्पट करा आणि तीतून दुसरी वजा करा. भरताच्या 500.4 ची दुप्पट 1000.8. तीतून रामाचे 500.0 वजा केले की राहतात 500.8. म्हणजे बरोबर शत्रुघ्न! आम्ही सारखी अंतरे ठेवली, म्हणून भूत नेमके तिसऱ्याच्या मानेवर बसले. शत्रुघ्नाला 500.8 ऐवजी 501.1 वर ठेवले असते तर ह्या तिघांचे एकही भूत तिघांपैकी कोणाला लागले नसते. वाटल्यास घरी जाऊन आकडेमोड करून पाहा.

तिघांचे हे असे. दहा माइकांत दोघादोघांच्या मीलनाची अशी नव्वद भुते निघतात आणि तिघातिघांची तीनशे साठ, एकूण साडेचारशे. माइक दुप्पट केले, वीस घेतले, तर भुते दुप्पट होत नाहीत, ती तीन हजार आठशे होतात. सगळीच सारखी बलवान नसतात आणि पुष्कळशी पट्ट्याच्या बाहेर जाऊन पडतात, हे खरे. पण उरलेली चुकवीत चुकवीत प्रत्येक माइकाला जागा शोधावी लागते. पूर्वी हे गणित आम्ही वहीवर करीत असू, आता यंत्र करते. पण जागाच अपुरी असेल तर यंत्र तरी काय करणार?

लंडन किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या संगीतिकेत तीस-चाळीस बिनतारी माइक सहज असतात. शिवाय गायकांच्या कानांत त्यांचे स्वतःचे गाणे परत नेणारी यंत्रे वेगळी, पडद्यामागच्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याची वेगळी. आणि एका रस्त्यावर दहा नाट्यगृहे! मैदानावरच्या सोहळ्यात तर कॅमेरेही बिनतारी असतात, आणि चित्राला आवाजाच्या कितीतरी पट रुंद जागा लागते. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचे चित्र घरोघरी कसे पोचते? सायकलस्वारांबरोबर मोटरसायकली धावतात; पाठीमागे बसलेला माणूस चित्र टिपतो; ते चित्र वर आकाशात घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे आणि विमानाकडे जाते आणि तिथून खाली मुक्कामाच्या गावी उतरते. डोंगराच्या कडेला क्षणभर चित्र तुटते, तेव्हा आपण घरात बसून चरफडतो. ती लहर किती ठिकाणी उडी मारून आली आहे हे कळले तर माणूस हात जोडील.

2012 साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. जगभरचे वार्ताहर आपापली यंत्रे घेऊन एकाच शहरात उतरणार, हे ठाऊक असल्यामुळे तिथल्या ‘ऑफकॉम’ ह्या दळणवळण नियामक संस्थेने काही वर्षे आधीपासून आराखडा मांडला होता. संरक्षणखात्याकडून काही पट्टे तात्पुरते उसने मागून घेतले. कोणी, कोणत्या मैदानावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या लहरीवर, हे आधी ठरवून दिले, आणि नेमाबाहेर कोणी बोलू लागला तर त्याला हुडकून काढण्यासाठी तंत्रज्ञ मैदानांवर ठेवले. हे सारे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की चोख नेमणूक असेल तर थोड्या जागेत पुष्कळ माणसे नांदू शकतात. पंक्तीला पाने मांडणारा शहाणा लागतो.

पण त्याच वर्षी, त्याच देशात, दुसरीही एक गोष्ट घडत होती. दूरचित्रवाणी नव्या, अंकीय पद्धतीवर गेली. तिला जागा कमी पुरू लागली. आणि मोकळा झालेला पट्टा भ्रमणध्वनी कंपन्यांना विकायचे ठरले. ब्रिटनमधले हजारो माइकवाले वर्षानुवर्षे 854 ते 862 मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात, तिथल्या 69 क्रमांकाच्या वाहिनीत, काम करीत होते. ती जागा त्यांना सोडावी लागली. बदली मिळाली ती 606 ते 614 मेगाहर्ट्झची, 38 क्रमांकाची वाहिनी. जुने माइक तिथे चालेनात. सरकारने नव्या खरेदीसाठी काही पैसे दिले हे कबूल केले पाहिजे. बाकीचे काही 700 च्या पट्ट्यात सरकले. तोही 1 मे 2020 पासून बंद झाला. बिऱ्हाड एकदा हलवावे, दोनदा हलवावे. आठ वर्षांत पुन्हा तेच.

अमेरिकेत हेच, थोड्या मोठ्या मापावर. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा माइकांना 12 जून 2010 रोजी बंद झाला. लोकांनी 600 चे नवे संच घेतले. 2017 साली 600 च्या पट्ट्याचाही लिलाव पुरा झाला, सुमारे 19.8 अब्ज डॉलरांना, आणि माइकवाल्यांना 13 जुलै 2020 ही शेवटची तारीख मिळाली. मौज पाहा, त्या तारखेला न्यूयॉर्कची ब्रॉडवेवरची नाट्यगृहे महामारीमुळे 12 मार्चपासून बंदच होती. उत्पन्न नाही, नट घरी बसलेले, आणि पेट्यांतले संच बेकायदा होत चाललेले!

तिथे एक सवलत मात्र मिळाली, आणि तीच आम्हांला फार बोलकी वाटते. ज्यांच्याकडे नेहमी पन्नास किंवा त्याहून अधिक माइक वापरले जातात अशी नाट्यगृहे आणि ध्वनिव्यवस्थापक ह्यांना 2014 साली परवाना घेण्याचा आणि त्यायोगे काही संरक्षण मिळवण्याचा हक्क देण्यात आला. एकोणपन्नासवाल्याला नाही. गावच्या शाळेचे नाटक, प्रार्थनामंदिर, हौशी मंडळी, सात-आठ माइकांची फिरती कंपनी, हे सगळे उघड्यावर. मोठ्याला दार आणि लहानाला उंबरा, हा न्याय आपल्याकडेही अनोळखी नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे एक फार मोलाची गोष्ट आपल्या न्यायालयाने सांगून ठेवली आहे, आणि तिचा उगम एका मैदानावरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणातच आहे. 1993 च्या नोव्हेंबरात हीरो चषकाचे क्रिकेट सामने झाले. त्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शनशी तंटा झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती ना सरकारची खाजगी जहागीर, ना कोणा कंपनीची, आणि तिचा वापर लोकहिताच्या दृष्टीने सार्वजनिक संस्थेने नियंत्रित केला पाहिजे, असा त्याचा आशय. हा निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती प. बा. सावंत होते, पुढे ते पुण्यातच राहिले आणि ह्या शहरातल्या कितीतरी सभांतून आपण त्यांना ऐकले.

सार्वजनिक मालमत्ता म्हटली की आम्हांला गावचे गायरान आठवते. गायरान सर्वांचे असते. पण कोणी म्हणाला की ते सर्वांत जास्त पैसे देणाऱ्याला द्या, म्हणजे सर्वांचे हित झाले, तर ज्याची एकच शेळी आहे त्याने ती कुठे चारावी? लहरींच्या वाटपातले घोटाळे आपण पाहिले. 2012 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 122 परवाने रद्द केले, आणि लिलाव हा स्वच्छ मार्ग म्हणून पुढे आला. तो स्वच्छ आहे, आम्हांला मान्य आहे. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना त्याच न्यायालयाने हेही सांगितले की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाला लिलाव हा एकमेव मार्ग नव्हे. हे दुसरे वाक्य आपण फारसे ऐकत नाही.

2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका कंपनीने देशभरासाठी 10 मेगाहर्ट्झची जोडी घेतली ती 39 हजार 270 कोटी रुपयांना. त्यातल्या एका मेगाहर्ट्झच्या पाचव्या हिश्श्यात आमचा एक माइक जेमतेम उभा राहील, आणि त्या पाचव्या हिश्श्याची किंमत देण्यासाठी साऱ्या मराठी नाट्यसंस्थांनी आपापली नाट्यगृहे विकली तरी भागणार नाही. अर्थात आम्हांला देशभर आणि वर्षभर जागा नकोच आहे! ह्या नाट्यगृहाच्या चार भिंतींत, रात्री साडेनऊ ते एक, एवढीच हवी आहे. लिलावाच्या तराजूत अशा वस्तूला वजनच नाही. तिथे फक्त मोठाले मुलुख आणि वीस वर्षे तोलली जातात.

त्याच लिलावात 600 मेगाहर्ट्झचा पट्टाही मांडला होता. त्याला कोणी बोली लावली नाही. 700 चा पट्टाही 2016 आणि 2021 मध्ये असाच पडून राहिला होता आणि मग एकदम गेला, हे ध्यानात ठेवावे. दुसरीकडे दूरदर्शनने 2022 पर्यंत आपली जमिनीवरची जुनी प्रक्षेपणकेंद्रे जवळजवळ सगळी बंद केली. म्हणजे ज्या वाड्याच्या जिन्याखाली आम्ही राहतो, तो मालकाने आपल्याकडे जवळजवळ रिकामा केला आहे. इतर देशांना जे जमले नाही ते इथे जमण्यासारखे आहे: वाडा विकायच्या आधीच जिन्याखालची खोली नावावर करून घेणे.

आपल्याकडे परवान्यावाचून वापरता येणारा एक पट्टा आहे. 2005 साली 865 ते 867 मेगाहर्ट्झ मोकळा झाला आणि 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढवला गेला. पण त्याच तीन मेगाहर्ट्झमध्ये मीटरवाचनाची यंत्रे, मालावरच्या खुणा वाचणारी यंत्रे आणि आणखी बरेच काही चालते. भुतांचे गणित तुम्ही ऐकलेच आहे; तीन मेगाहर्ट्झमध्ये एका संगीत नाटकाची गरज भागत नाही. मग काय होते? दुकानात जो संच मिळतो तो विकत घेतला जातो, कोणत्या लहरीवर आहे हे विकणाराही पाहत नाही आणि घेणाराही. आमच्या धंद्यातले कितीतरी सज्जन असे नकळत चोरटे झाले आहेत. परवाना काढू म्हटले तर आज ह्या गावी, उद्या त्या गावी जाणाऱ्या फिरत्या माणसाला ती कागदपत्रे झेपत नाहीत. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लिलावावाचून लहरी देण्याची कामे नमूद केली आहेत. राष्ट्रीय सुरक्षा आहे, आपत्ती-निवारण आहे, हवामानाचा अंदाज आहे. सारी योग्यच आहेत. रंगभूमीचे नाव त्यात नाही.

कोणी म्हणेल, अहो, एवढी विद्या पुढे गेली, भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरूनच आवाज पाठवा की! ह्याचे उत्तर कानाने द्यायचे असते. आवाज एका सेकंदाच्या हजाराव्या भागात हवेतून सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. गायकाच्या कानात त्याचाच सूर दहा-पंधरा सहस्रांश सेकंद उशिरा आला की त्याला आपण विहिरीत गातो आहोत असे वाटू लागते. तबल्याशी जमवणे कठीण होते. जाळ्यावरून जाणाऱ्या आवाजाला ह्याहून पुष्कळ अधिक वेळ लागू शकतो, आणि गर्दीत तर तो किती लागेल ह्याचा नेम नाही. फोनवर एक शब्द गळाला तर आपण ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. नाट्यपदातली तान गळाली तर ती कोणाकडून पुन्हा मागायची? नव्या पद्धतीचे अंकीय माइक निघाले आहेत. एका रुंद लहरीतच अनेक आवाज एकत्र बांधून नेणारी जी रीत आहे, तिला अमेरिकेत 2024 च्या फेब्रुवारीत मान्यता मिळाली, आणि त्या रीतीत भुतांचा त्रास बराच आटोक्यात येतो. आम्ही तिचे स्वागत करतो. पण तिलाही उभे राहायला एक सबंध रिकामी वाहिनी लागतेच. पंक्तीत दाटीवाटीने बसता येते, पण वाडपी उभा राहील एवढी तरी भुई हवी.

आमची बाजू मांडताना एका शेजाऱ्याची बाजू न मांडणे बरे दिसणार नाही. पुण्याच्या उत्तरेला, नाशिकच्या रस्त्यावर, नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात; आम्ही तरुणपणी तिथल्या फडांवर माइक सांभाळले आहेत. त्याच नारायणगावाजवळ, खोडदला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांनी ती उभारली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, तारे आणि दीर्घिका ह्यांच्या लहरी ऐकणाऱ्या. ती जागा निवडण्याचे एक कारण असे की तिथे माणसाने केलेला लहरींचा गोंगाट कमी होता. तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यांपैकी एक 610 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आमच्या माइकांच्या ऐन वस्तीतला. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर तिथे पोचते तेव्हा इतकी क्षीण असते की आमचा पन्नास मिलिवॉटचा माइक तिच्यापुढे ढोल ठरतो. तेव्हा आम्हांला जागा हवी म्हणताना ती सगळीकडे सारखी असावी असा आमचा आग्रह नाही. खोडदच्या परिसरात 600 ते 620 सोडून द्यावे आणि फडाला दुसरी लहर नेमून द्यावी, हे कागदावर दोन ओळींचे काम आहे. ते करणारे कोणीतरी हवे.

आमचे मागणे फार नाही. 470 ते 700 मधल्या दोन-तीन वाहिन्या, म्हणजे सुमारे वीस मेगाहर्ट्झ, कार्यक्रमांसाठी कायम राखून ठेवाव्यात, त्या कधी लिलावात काढू नयेत. त्या वापरणाऱ्याला वर्षाची माफक फी घेऊन, टपालकचेरीत मिळावा तितक्या सहज, परवाना मिळावा. आणि त्यात पन्नास माइकांची अट नसावी. मोठ्या सोहळ्यांना, जिथे ह्याहून अधिक लागेल तिथे, स्थळ आणि वेळ पाहून जास्तीची जागा दिवसापुरती नेमून देणारा एखादा अधिकारी प्रत्येक मोठ्या शहरात बसावा. ब्रिटनमध्ये जागा थोड्या काळापुरतीही मिळते. विमानवाहतुकीच्या 960 ते 1164 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही, विमानांना धक्का न लावता, माइकांना वाट करून देण्याचे त्यांनी 2016 मध्ये ठरवले. त्यांना विमानांच्या शेजारी जागा सापडते, तर आपल्याला रिकाम्या वाड्यात सापडू नये?

आणि आमच्या व्यवसायबंधूंना, ते इथे मागे बसले आहेत, एक सांगणे. दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण काय करतो ते पाहू. सूत्रसंचालकाला तारेचा माइक द्या. व्यासपीठावर बसणाऱ्या पाहुण्यांना तारेचा द्या. माइकाची शक्ती कमीत कमी ठेवा; ती वाढवून आवाज मोठा होत नाही, फक्त शेजाऱ्याच्या घरात जातो. आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता, माइक लावण्याआधी, ग्राहक यंत्र चालू करून दहा मिनिटे नुसते ऐका. आज आम्ही इथे ऐकले. ह्या सभागृहात ह्या घटकेला मागच्या रस्त्यावरच्या कार्यालयातला एक आणि समोरच्या शाळेतला एक असे दोन माइक ऐकू येतात. कार्यालयात आज संध्याकाळी स्वागतसमारंभ आहे. त्यांच्या माणसाला आम्ही जाऊन भेटलो. भला माणूस आहे; त्याने आपला संच दोन आकडे पलीकडे सरकवला. उद्याच्या वक्त्या चालत-फिरत बोलतात असे चालक सांगतात, त्यांच्यासाठी ती लहर मोकळी आहे.